चार वेळचा दाब

बॉयलर इन्स्पेक्टर येणार अशी कुणकुण लागली की आनंदा खोताच्या अंगात वारं शिरायचं. येरळा नदीकाठच्या त्या साखर कारखान्यात तो सव्वीस वर्षं बॉयलरवर होता आणि सव्वीस वर्षांत एकाही इन्स्पेक्टरला त्याच्या कामावर बोट ठेवायला जागा सापडली नव्हती. आठ दिवस आधी झाडलोट, पाइपांना रंग, गेजच्या काचा लिंबानं घासून लख्ख. साहेब जिना चढायला लागले की आग अशी बेताची ठेवायची, की काटा जिथं शोभून दिसतो तिथंच उभा राहावा. यात काही लबाडी आहे असं आनंदाला कधी वाटलं नाही. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर आवरतोच की.

तर अशा या आनंदाला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी रक्तदाब निघाला. वरचा एकशे सत्तर, खालचा एकशे चार. आणि निघाला तो नेमका २०४१ साली, म्हणजे अगदी नको त्या वर्षी. बॉयलरची बरीचशी कामं तोवर संगणक करायला लागला होता, पण कायद्याला अजून बॉयलरपाशी माणूस लागत होता, आणि तो माणूस धडधाकट लागत होता. त्याच वर्षी नवा नियम आला. प्रत्येक बॉयलर अटेंडंटनं हंगामाआधी नव्वद दिवस मानेवर चकती लावायची. दाबाची सरासरी एकशे चाळीसच्या खाली राहिली तर बॉयलर, नाहीतर गोडाऊन.

गोडाऊनचं नाव काढलं की आनंदा विषय बदलायचा. कारखान्यात नवा बॉयलर उभा राहिला होता, चार मजले उंच. दोन वर्षं त्याची एकेक नळी जोडली जाताना आनंदानं पाहिली होती. चीफ इंजिनिअर घोरपडेसाहेबांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, की हा बॉयलर पहिल्यांदा पेटवायचा तो आनंदानंच. तेव्हापासून आनंदा मनातल्या मनात तो रोज एकदा पेटवत होता.

चकती लावली ती कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मुबीना शिकलगारांनी. वय तिशीचं, बोलणं रोखठोक. आनंदाच्या जबड्याखाली बोट ठेवून त्या म्हणाल्या, "खोतकाका, इथं धमनीला दोन फाटे फुटतात. तिथल्या भिंतीत दाब ओळखणाऱ्या पेशी असतात. दाब चढला की त्या मेंदूला कळवतात. मेंदू हृदयाला सांगतो हळू चाल, आणि रक्तवाहिन्यांना सांगतो सैल व्हा."

"म्हंजे इंजनाची चाल आवरतो तसला गव्हर्नर," आनंदा म्हणाला.

"गव्हर्नरच. पण दाब वर्षानुवर्षं चढाच राहिला की या पेशींना तोच बरोबर वाटायला लागतो. एकशे सत्तर झाले तरी त्या गप्प."

"गेज बिघडलं म्हणा की."

"हो. आणि ते थोडंफार ताळ्यावर आणता येतं, ते श्वासानं."

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. दाब चढल्याची खबर मेंदूकडे जाऊन तिचा परिणाम दिसायला साधारण दहा सेकंद लागतात. श्वास घेताना नाडी थोडी धावते, सोडताना थोडी रेंगाळते. श्वासाचा एक फेराही दहा सेकंदांच्या आसपास आणला की ही दोन्ही चक्रं एकमेकांना धरून चालतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लावला की तो थोड्याशा जोरात उंच जातो, तसं होतं. त्या रोजच्या हेलकाव्यानं सुस्तावलेल्या पेशी पुन्हा जाग्या व्हायला लागतात. मात्र प्रत्येकाची लय निराळी असते. कुणाला मिनिटाला पाच श्वास मानवतात, कुणाला साडेसहा. चकती दोन दिवस निरनिराळ्या लयी करून बघते, त्या माणसाची लय शोधून काढते आणि मग कातडीवर टिचकी मारून सांगते. एक टिचकी, घ्या. दोन टिचक्या, सोडा.

आनंदाची लय निघाली मिनिटाला साडेपाच.

"सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं," डॉक्टर म्हणाल्या. "आणि गोळ्या चालूच. ही डबी घ्या. आठवड्याची सरासरी बघून रोज किती गोळ्या द्यायच्या ते हीच ठरवते."

"आन् चकती दाब मोजती कवा?"

"कामगारांना दिलेली ही साधी चकती आहे. दिवसातनं चार वेळा मोजते. सहा, अकरा, चार, नऊ. पाच मिनिटं आधी थोडी गरम होते, म्हणजे तुम्ही शांत बसावं."

आनंदाचे कान टवकारले. दर वेळी आपणहून सूचना देऊन येणारा इन्स्पेक्टर त्याला जन्मात भेटला नव्हता.

वीस मिनिटं डोळे मिटून बसणं त्याला दोन दिवससुद्धा जमलं नाही. पण मान गरम झाली रे झाली की तो हातातलं काम टाकून खाली बसायचा आणि साडेपाचाच्या लयीत असा काही श्वास ओढायचा, की चार-सहा फेऱ्यांत दाब खाली यायचा. आकडा नोंदला गेला की स्वारी परत जिन्यावर. पंधरा दिवसांत त्याची सरासरी एकशे अठ्ठावीस झाली. डबीनं दोन गोळ्यांची एक केली, मग अर्धी. आनंदानं ती अर्धी गोळी तळहातावर घेऊन सगळ्या बॉयलर हाऊसला दाखवली.

साहजिकच बाकीचे नऊजण त्याच्याभोवती जमले. त्यातला धोंडीराम कुंभार हा त्याचा पट्टशिष्य. एकेचाळीस वर्षांचा हा गडी आनंदाच्या हाताखालीच कोळशासारखा काळवंडून तयार झाला होता, त्याला आण्णा म्हणायचा आणि आण्णा म्हणतील ती पूर्व दिशा मानत होता. आनंदानं चहाच्या वेळेला सगळ्यांना धडे दिले.

"मान गरम झाली की काय समजायचं?"

"इन्स्पेक्टर जिना चढतोय!" सगळे एका सुरात.

दहाच्या दहाजणांचे आकडे उतरले. धोंडीरामची गोळी तर डबीनं बंदच केली. घोरपडेसाहेबांनी आनंदाच्या पाठीवर थाप मारली आणि तीन दिवस ती थाप त्याला जाणवत राहिली.

घरी मात्र त्याचा शिष्य होईना. त्याची बायको शालन गावात मिरची-मसाल्याचं कांडप यंत्र चालवायची. तिलाही दाब होता आणि आरोग्य केंद्रातनं तिलाही तसलीच चकती मिळाली होती. ती सकाळ-संध्याकाळ यंत्र बंद करून फळकुटावर बसायची, डोळे मिटून, वीस मिनिटं. गिऱ्हाइकं मिरचीची पोती घेऊन ताटकळायची. पाच आठवड्यांनी तिचा दाब एकशे बावन्नवरनं एकशे चव्वेचाळीसवर आला होता.

"अगं, आठ आकड्यांसाठी पाच आठवडे?" आनंदा म्हणायचा. "मी दाखवतो तसं कर. आठ दिवसांत पास."

"मला कुठं परीक्षेला बसायचंय?" शालन म्हणायची. "झोप चांगली लागतीया. डोकं चढत न्हाई. तेवढं बास मला."

आनंदा हसून चहा मागायचा.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात नव्या बॉयलरची पाण्याच्या दाबाची चाचणी होती. सगळ्यात वरच्या मजल्यावरचं गेज वाचायला धोंडीराम लोखंडी जिन्यानं चढला, आणि वर पोचल्यावर कठड्याला धरून मटकन खाली बसला. आनंदा त्याच्या मागनंच चढत होता.

"आण्णा," धोंडीराम म्हणाला, "गेजाला दोन काटे दिसायला लागल्यात. आन् एका बाजूनं सगळं लाल."

आनंदानं त्याच्या कमरेला हात घालून त्याला एकेक पायरी खाली आणलं. चार मजले. तेवढ्या वेळात त्याच्या मनात काय काय येऊन गेलं ते त्यानं नंतर कुणालाच सांगितलं नाही. दवाखान्यात दंडाला पट्टा बांधून मोजलेला दाब निघाला दोनशे सहा. चकतीनं त्याच दिवशी अकरा वाजता नोंदवला होता एकशे सव्वीस. सांगलीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की डोळ्याच्या आत रक्त उतरलंय. नजर दोन-तीन आठवड्यांत परत येईल. हेच मेंदूत झालं असतं तर काही खरं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मुबीनाबाईंनी आनंदाला बोलावून घेतलं.

"काका, एक आलेख वाचून दाखवता?" पडदा त्याच्याकडे वळवत त्या म्हणाल्या. "दाबाचा आहे. कुणाचा ते सांगत नाही."

आनंदानं चष्मा चढवला. आलेख वाचणं म्हणजे त्याचा हातखंडा. "चोवीस तासांचा हाय. दाब सारखा वरच. असा चालवला तर नळ्या टिकायच्या न्हाईत." त्याचं बोट रेघेवरनं सरकत होतं. "आन् ह्ये बघा, चार खड्डे. एवढाएवढासा खड्डा, आन् लगेच पुन्हा वर." तो मोठ्यानं हसला. "अहो, लॉगबुक भरायच्या वेळंला आग मारतोय गडी! लॉगबुकात सगळं गोडगोड, आन् बॉयलर चाललाय फुटायला. असल्याच्या हातात बॉयलर द्यायचा न्हाई मॅडम. सर्टिफिकेट काढून घ्या आधी. कोण हाय ह्यो?"

डॉक्टरांनी पडद्याला बोट लावलं. वर नाव उमटलं. आनंदा यशवंत खोत.

आनंदानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. नाव तेच होतं.

"चकती दिवसभर नाडीची लाट साठवत असते," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "हिशेबात फक्त चार वेळचे आकडे धरले जातात. धोंडीरामचं असं झालं म्हणून मी सगळ्यांच्या साठवलेल्या लाटा मागवून घेतल्या. दहाच्या दहा आलेख असेच आहेत. श्वासानं दाब घटकाभर लगेच उतरतो, काका. पण तो तेवढ्यापुरता. त्या पेशी शुद्धीवर यायला रोजचा सराव लागतो, कित्येक आठवडे. तुम्ही घटकाभराचाच दाखवत राहिलात आणि डबी तुमच्यावर विश्वास ठेवून गोळ्या कमी करत गेली."

"मी शिकवलं त्यास्नी," आनंदा म्हणाला. "धोंडीरामला मी शिकवलं."

"मला अंदाज आलाच होता. या नियमात खोट आहे असं मी वर कळवलंय, तो बदलेल तेव्हा बदलेल. आजपासून गोळ्या पहिल्यासारख्या. पण सर्टिफिकेट अडवायचा अधिकार मला नाही. नियमाला चार आकडे लागतात आणि तुमचे चार आकडे उत्तम आहेत. सोमवारी नव्वद दिवस भरतात. 'मी बॉयलर चालवण्यास पात्र आहे' या फॉर्मवर शेवटची सही तुमचीच आहे."

"खरा दाब उतरायला किती दिवस?"

"गोळ्या पूर्ण आणि सराव प्रामाणिक केलात तर तीन आठवड्यांत फरक दिसेल. पुरेसा दिसेल का, ते आज सांगता येणार नाही. सगळ्यांचा सारखा उतरत नाही."

हंगामाची तारीख होती बावीस ऑक्टोबर. म्हणजे सही केली तर दहा दिवसांत नवा बॉयलर त्याच्या हातानं पेटणार होता, आणि नाही केली तर त्याच्याशिवाय पेटणार होता. डॉक्टर सोडल्या तर कुणाला काही कळण्याचंही कारण नव्हतं.

तो घरी आला तेव्हा शालन मसाला चाळत होती. त्यानं दारातच सगळं सांगून टाकलं. तिनं चाळणी खाली ठेवली.

"म्हंजे तुम्ही बरं झालाच नव्हता?"

"न्हाई."

"आन् मी औदुंबरला जाऊन नारळ फोडून आले! तुमची गोळी अर्ध्यावर आली म्हणून पेढं वाटलं मी घरोघर!" तिचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. "अहो, त्या धोंडीरामच्या जागी तुम्ही असता तर? चार मजल्यांवरनं कुणी आणलं असतं तुम्हास्नी खाली? मला भ्या वाटतंय. खरंच सांगते, लई भ्या वाटतंय."

इतक्या वर्षांच्या संसारात आनंदानं बायकोला इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं आणि ते आपल्यापायी, याची त्याला भयंकर लाज वाटली.

"बसा हितं," शालननं फळकुटावर जागा केली. "वीस मिनिटं. मी पण बसते."

एक टिचकी, दोन टिचक्या. सातव्या मिनिटाला आनंदा उठायला लागला तेव्हा शालननं डोळे न उघडताच त्याचा खांदा दाबून त्याला परत बसवलं. तेराव्या मिनिटाला त्याच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. मिरचीच्या नावावर त्यानं ते खपवलं. विसावं मिनिट संपलं तेव्हा त्याचं ठरलं होतं.

सोमवारी सकाळी बॉयलर हाऊसमध्ये दहाहीजण जमले. धोंडीराम काळा चष्मा लावून आला होता. दवाखान्यातला दाब मोजायचा जुना पट्टा घेऊन मुबीनाबाईही आल्या होत्या. आनंदानं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं आणि फॉर्मवर सही करणार नाही हेही सांगितलं.

गलका झाला. "आता सांगताय व्हय!" "आमच्या पोराबाळांनी काय करायचं?" "गोडाऊनला पोती मोजू का?" धोंडीराम तेवढा पाठ फिरवून उभा राहिला, आणि आनंदाला त्याचंच जास्त लागलं.

"सेफ्टी व्हॉल्व्हला तार बांधणाऱ्याला आपण काय म्हणतो?" आनंदा म्हणाला. "त्येच मला म्हणा. मी ऐकून घेतो. पर सही करायची तर खऱ्या आकड्यावर करा. तीन आठवडं थांबूया. बॉयलर थंड हाय तोवर त्याला घाई न्हाई."

पाळी बदलताना जाणाऱ्यानं गेज बघून आकडे मोठ्यानं पुकारायचे आणि येणाऱ्यानं ते ऐकून घ्यायचे, ही बॉयलर हाऊसची जुनी रीत. आनंदानं बाही वर सारली, पट्टा बांधून घेतला आणि आकडा आला तसा पाळीच्या आवाजात पुकारला, "एकशे सहासष्ट! खालचा शंभर!"

मग धोंडीराम पुढं आला. आनंदाकडे न बघताच त्यानं दंड पुढं केला.

"एकशे बावन्न! खालचा चौऱ्याण्णव!" तो ओरडला, आणि मग हळूच म्हणाला, "आण्णा, चार मजलं खाली आणलंसा म्हणून आलो. न्हाईतर आज तोंड बघितलं नसतं तुमचं."

"बरोबर हाय," आनंदा म्हणाला.

त्यानंतर एकेकजण फॉर्म बाजूला ठेवून दंड पुढं करत गेला. एकशे साठ. एकशे अठ्ठावन्न. एकशे चौऱ्याहत्तर. सगळ्यात धाकट्याचा एकशे चौतीस निघाला तेव्हा बाकीच्यांनी त्याला शिव्या घातल्या, आणि त्या शिव्यांनी हवा जरा मोकळी झाली.

एवढ्यात घोरपडेसाहेब आले. त्यांच्या कानावर गेलंच होतं.

"काय चाललंय काय? अध्यक्षांनी तारीख जाहीर केलीय, ऊसतोडीच्या टोळ्या आल्यात, आणि तुम्ही सही करत नाही म्हणता? कोण कोण करत नाही?"

"दहाजण," आनंदा म्हणाला.

"दहा! अरे, नियमात बसताय ना सगळे? मग तुम्हाला काय धाड भरलीय?" साहेबांचा चेहरा लालबुंद झाला, कपाळाची शीर टरारून वर आली. बॉयलरवर आयुष्य काढलेल्या दहाही माणसांची नजर त्या शिरेवर खिळली.

"साहेब," मुबीनाबाई म्हणाल्या, "हात पुढं करा जरा."

"मला काही झालेलं नाही."

"पुढं करा की साहेब," धोंडीराम काळ्या चष्म्याआडनं म्हणाला. "मलापण काय झालेलं नव्हतं."

साहेबांनी नाइलाजानं हात पुढं केला. पट्टा फुगला, बसला. यंत्रावरचा आकडा साहेबांनी स्वतःच वाचला, पुन्हा एकदा वाचला. तो त्यांना पुकारवेना. डॉक्टरांनीच सांगितला, हलक्या आवाजात. "एकशे अठ्ठ्याऐंशी. खालचा एकशे बारा. कधीपासून मोजला नव्हता, साहेब?"

साहेबांना आठवेना.

आनंदानं ऑपरेटरचं स्टूल ओढलं. "बसा साहेब. पाय मोकळं सोडा. नाकानं आत घ्या, पोट फुगू दे. आता सोडा, सावकाश. घाई करायची न्हाई. एकदम सोडायचा न्हाई." साहेबांच्या मानेवर चकती नव्हती, म्हणून आनंदा स्वतःच त्यांच्या मनगटावर टिचकी मारत राहिला. एक, घ्या. दोन, सोडा. दोन मिनिटं गप्प बसले तर ज्यांचा दिवस वाया जायचा, ते चीफ इंजिनिअर दहा मिनिटं डोळे मिटून बसले. मध्येच खिशातला फोन वाजला. अध्यक्षांचाच असणार. साहेबांनी तो वाजू दिला.

शेवटी त्यांनी डोळे उघडले. आवाज खाली आला होता. "किती दिवस पाहिजेत?"

"एकवीस. मग चोवीस तासांचा आलेख काढायचा. चार आकडं न्हाई चालायचं."

"आणि माझं?"

"तुम्ही उद्यापासनं आमच्याबरोबर बसायचं. सकाळी साडेसातला."

साहेब गुडघ्यावर हात टेकून उठून उभे राहिले. "अध्यक्षांना मी सांगतो. बोलतील, बोलू देत. पण आनंदा, एकवीस दिवसांनी पेटवायला मला तूच पाहिजेस."

आनंदानं मान वर करून चार मजल्यांच्या त्या नव्या बॉयलरकडे पाहिलं. हो म्हणावं असं त्याला मनापासून, अगदी पोटातनं वाटलं.

"माझा दाब उतरला तर मी," तो म्हणाला. "न्हाई उतरला आन् धोंडीरामचा उतरला, तर त्यो पेटवंल. मी खाली हुबा राहून बघीन."